राजकारण नको, पण माळढोक हवा

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या माथ्यावर लिहिलेलं आहे : ‘फक्त पक्षी. गुड मॉर्निंग नको, वाढदिवस नको, राजकारण नको.’ पहिल्या दोन ‘नको’ना माझा मनापासून पाठिंबा. तिसऱ्यावरून मात्र मी अॅडमिनसरांशी कित्येक वर्षं हुज्जत घालत आलेय. परवा पुन्हा तोच विषय निघाला. ग्रुपवर लिहायला घेतलं तर ‘ताई, एवढं मोठं कोण वाचणार?’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून इथे लिहितेय.

आधी ग्रुपबद्दल. निम्मी मंडळी सोलापूर, बार्शी, मोहोळ, करमाळा इकडची. उरलेली पुण्याची आणि थोडी मुंबईची, जी हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजला नाहीतर उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला येतात. डॉक्टर आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, झेडपी शाळेचे एक गुरुजी आहेत, आयटीवाले तर भरपूर. भिगवणकडचा एक होडीवाला पोरगा आहे. आणि करमाळ्याकडचे एक शेतकरी आहेत, ज्यांना सगळेच दादा म्हणतात. अॅडमिनसर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सज्जन माणूस. ग्रुपवर भांडण झालं की त्यांचं बीपी वाढतं, हे काकूंनीच मला सांगितलंय. मी स्वतः सोलापुरात एका वकिलांच्या ऑफिसात दस्ताचं काम बघते. खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र. आठवडाभर सातबारे आणि रविवारी दुर्बीण.

आमचं मोठं भांडण झालं तेही एका सातबाऱ्यावरूनच.

एका हिवाळ्यात पुण्याचा एक तरुण मेंबर नान्नजला येऊन गेला. माळढोक, म्हणजे मोकळ्या माळावरचा तो मोठा, दुर्मीळ पक्षी, दिसला नाही. (हल्ली कुणालाच दिसत नाही. एखादी मादी दिसली तर पेपरात बातमी येते.) घरी पोचल्यावर त्यानं भलामोठा मेसेज लिहिला : स्थानिक लोकांना या पक्ष्याची किंमत नाही, गुरं चारतात, कुत्री सोडतात, अतिक्रमणं करतात, सरकारनं कायदा कडक करून सगळा माळ रिकामा करायला हवा. त्याखाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली. दादांनी उत्तरात एक शब्दही लिहिला नाही. त्यांनी एका सातबाऱ्याचा फोटो टाकला, इतर हक्काच्या रकान्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल केलेला. रकान्यात माळढोक अभयारण्याचा शेरा होता.

थोड्याच वेळात तो फोटो उडाला. खाली सरांचं : ‘कृपया विषयाला धरून राहू या. राजकारण नको.’

आता मला कुणी सांगा, या दोन मेसेजपैकी राजकीय कुठला होता? सरकारनं लोकांना जमिनीवरून हटवावं अशी मागणी करणारा मेसेज ‘निसर्गप्रेम’ म्हणून टिकला, आणि त्या मागणीचा आपल्याला काय भुर्दंड पडला याचा कागद दाखवणारा ‘राजकारण’ म्हणून गेला. सरांनी मुद्दाम कुणाची बाजू घेतली असं मी म्हणत नाही, त्यांच्या मनातही तसलं काही नव्हतं. पण ‘राजकारण नको’ हा नियम लावायला बसलं की होतं ते असंच. ग्रुपातल्या बहुतेकांना जे मत आधीपासून पटलेलं असतं, ते मत आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. ते हवेसारखं सगळीकडे असतं. त्याच्या विरुद्ध कुणी तोंड उघडलं की तेवढं राजकारण दिसतं.

ज्यांना त्या शेऱ्याचा अर्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमातून इकडच्या माळांवर चराईबंदीचे पट्टे तयार झाले, गवत वाढलं, आणि नान्नजचे माळढोक लोकांच्या नजरेत आले. मग १९७९ साली सोलापूर आणि नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खा सोलापूर जिल्हा १५ हजारांच्या आत बसतो, यावरून अंदाज घ्या. त्या हद्दीत माळ होते, तशी बागायत होती, गावठाणं होती, बाजारपेठा होत्या, हायवे होता. नकाशावर कुणीतरी रेघ ओढली आणि आतलं सगळं आत आलं.

वन्यजीव कायद्याचं कलम २० असं की अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की त्या हद्दीतल्या जमिनीत वारसाहक्क सोडून नवा हक्क निर्माण होत नाही. ऐकायला छान वाटतं. आमच्या ऑफिसच्या टेबलावर त्याचा अर्थ असा असायचा : माणूस पिशवीतून कागद काढतो, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, दोन एकर विकायचेत, आणि शेरा बघून साहेब म्हणतात, याचं खरेदीखत होत नाही. मग तो मनुष्य बाहेर पडतो आणि कुणा माहीतगार माणसाला साठेखतावर, कुलमुखत्यारपत्रावर, नाहीतर नुसत्या विश्वासावर जमीन देऊन टाकतो. अर्थातच पडेल भावानं. घेणाऱ्याला ठाऊक असतं की आज ना उद्या शेरा निघणार. २०१२ च्या सुमाराला अभयारण्याचं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तेव्हा शेरे निघाले, आणि जमिनीचे भाव वाढल्यावर ते कुणाच्या खिशात गेले हे मला यादी करून सांगता येईल. सांगणार नाही, नोकरी आहे.

एवढी वर्षं हा सगळा त्रास काढून पक्षी तरी वाचला का? तोही नाही. विहिरी झाल्या, कालवे आले, ज्वारी-भुईमुगाच्या जागी ऊस आला. वनखात्यानं स्वतःच माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावून ठेवली, मग ती काढायची वेळ आली. माळढोकाला मोकळा माळ लागतो, गवत लागतं, नाकतोडे लागतात. उसात त्याचं काय काम? पण गावोगाव लोक काय म्हणायला लागले होते? ‘ते पाखरू एकदाचं मरू दे, मग जमीन सुटंल.’ ज्या बापजाद्यांनी शेकडो वर्षं त्या पाखराला रानात राहू दिलं, त्यांची पोरं असं बोलू लागली. हे पक्ष्याच्या अभ्यासाबाहेरचं आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याला पक्षीनिरीक्षक म्हणणार नाही, फोटोग्राफर म्हणेन. (फोटोग्राफर मंडळींनी रागावू नये. रागावलात तरी चालेल.)

फोटो उडवल्यावर दादा गप्प झाले. ग्रुप सोडला नाही, नुसते गप्प. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडून काहीच आलं नाही. आता दादा म्हणजे कोण, तर त्यांच्या शिवाराजवळच्या गवतात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी संध्याकाळी मुक्कामाला उतरतात त्याची मोजदाद दरवर्षी ठेवणारा माणूस. माँटेग्यूचा भोवत्या कुठला आणि पॅलिड कुठला, हे उडत्या मादीवरून दोनशे पावलांवरून सांगणारे आमच्यात फार थोडे आहेत, त्यातले ते एक. आम्ही दादांचा सातबारा नाकारला आणि त्याबरोबर भोवत्यांचा आकडाही घालवून बसलो.

पुढे मी, गुरुजी आणि एक डॉक्टरीणबाई असे तिघं सरांच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले, मग मी म्हटलं, सर, एक आठवडा द्या. फक्त माळढोक आणि जमीन. कुणी घसरलं तर मी आवरते. सर तयार झाले, बहुतेक काकूंनी आतून खूण केली म्हणून.

तो आठवडा मला चांगला आठवतो. पुण्याच्या त्या मुलानं पहिल्या दिवशी कायद्याची कलमं टाकली, दादांनी व्हॉइस मेसेज टाकले. दादांना टायपिंगचा कंटाळा आहे, आणि खरं सांगायचं तर व्हॉइस मेसेजमुळे बरंच काही निभावलं, कारण आवाजात राग असला तरी माणूस ऐकू येतो. बहिणीच्या लग्नातला जमिनीचा व्यवहार त्यांनी सांगितला. मुलानं विचारलं, ‘पण मग दादा, संरक्षण दिलंच नसतं तर पक्षी आधीच गेला नसता का?’ दादा म्हणाले, ‘गेला असता कदाचित. पण मग निदान आमच्या शिव्या खाऊन तरी गेला नसता.’ यावर काय बोलणार? मुलाचं मत बदललं नाही, आजही तो कडक कायद्याच्या बाजूचा आहे. फक्त आता तो ‘स्थानिक लोकांना किंमत नाही’ असं लिहीत नाही. ‘भरपाई आधी, हद्द नंतर’ असं लिहितो. आणि दादा, जे अभयारण्य हा शब्द ऐकला तरी उसळायचे, ते आता राखलेल्या माळाच्या बाजूनं बोलतात. अट एकच, हद्द आखताना गावाला विचारा. दोघांची मतं जुळलेली नाहीत. पण दोघं काय बोलतात ते आता ऐकण्यासारखं असतं.

उजनीचंही तसंच. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव इथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक येतात, होडीवाल्या पोरांची त्यावर घरं चालतात. रोहित उथळ पाण्यात चिखल चाळून खातो. धरण काठोकाठ असेल तर चिखल उघडाच पडत नाही, मग पक्षी उशिरा येतो नाहीतर दुसरीकडे जातो. म्हणजे रोहित कधी येणार हे उजनीतून पाणी कधी आणि किती सुटणार यावर आहे. ते ठरवतं कोण? कालवा सल्लागार समिती. तिथं बसतात कोण? पालकमंत्री, आमदार, अधिकारी. उजनी ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारं तळाचं पाणी, आणि त्या मृतसाठ्यालाही हात घालायची वेळ येते. २०२४ च्या उन्हाळ्यात टक्केवारी उणे पन्नासच्याही पार खाली गेली होती. पळसदेवचं पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं की लोक बघायला गर्दी करतात, आणि सोलापुरात आम्ही नळाला पाणी किती दिवसांनी येणार ते मोजत बसतो.

२०२१ मध्ये उजनीतून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला पाच टीएमसी देण्याच्या आदेशावरून आमच्या जिल्ह्यात केवढा गदारोळ झाला होता, शेवटी आदेश मागं घ्यावा लागला. त्या वेळी ग्रुपवर होडीवाल्या पोरानं भाबडेपणानं विचारलं की पाणी तिकडं गेलं तर इकडच्या पक्ष्याचं काय होईल? तासाभरात तीन जण त्याच्या अंगावर : ‘राजकारण नको’. अरे, त्याचं पोट आहे त्या पाण्यावर. वरून तुमच्या फोटोतला गुलाबी रंगही त्याच पाण्यावर. त्याला वेगळा चिखल कुठून आणून द्यायचा?

आता कुणी म्हणेल, ताई, हे सगळं पक्ष्याशी निगडित राजकारण आहे, तेवढं चालू द्या, बाकीचं नको. हा मध्यममार्ग सरांनीही सुचवला होता. मला तोही पूर्ण पटत नाही, कारण निगडित काय आणि अनिगडित काय हे आधी कळत नाही, बोलल्यावरच कळतं. सातबाऱ्याचा फोटो आला तेव्हा कुणाला निगडित वाटला होता?

राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट मी ग्रुपवर दरवर्षी एकदा सांगते, लोक कंटाळलेत, तरी इथे सांगते. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ साली तिथं म्हशी चारायला बंदी आली. आसपासच्या गावांचा पिढ्यान्पिढ्यांचा हक्क एका आदेशानं गेला. लोक चालून आले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्या बंदीमागे पक्ष्यांच्या जाणकारांचाच सल्ला होता, सालिम अलींसारख्या माणसाचा गुरं बाहेर काढायला पाठिंबा होता. आणि मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे पक्षीप्रेमींच्याच संस्थेनं, दहा वर्षं अभ्यास केला तेव्हा दिसलं की म्हशी गेल्यानं पाण्यातलं गवत बेसुमार माजलंय, उघडं पाणी आकसलंय आणि पक्ष्यांचंच नुकसान होतंय. म्हशी ते गवत खात होत्या, तुडवत होत्या. हे गुराख्याला विचारलं असतं तर त्यानं फुकटात सांगितलं असतं. पण गुराख्याशी बोलणं म्हणजे चराईच्या हक्काबद्दल बोलणं, आणि ते शास्त्राच्या बैठकीत बसत नव्हतं. मी सालिम अलींना दोष द्यायला हे सांगत नाही. एवढा मोठा माणूससुद्धा जिथं फसू शकतो, तिथं आमच्या ग्रुपवरचा ‘सगळं रिकामं करा’वाला मेसेज बिनविरोध कसा जाऊ द्यायचा?

बरं, विरोधी बाजूचं म्हणणं मला माहीत नाही असं नाही. २०२४ चं साल ग्रुपच्या दृष्टीनं वाईट गेलं. मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, आणि वर आमच्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत लोकांनी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, पोलीस आले, देशभर बातमी झाली. ते दोन-तीन आठवडे ग्रुपवर पक्षी औषधाला नव्हता. नुसते फॉरवर्ड. व्हिडिओ, कार्टून, ‘जागे व्हा’. मुंबईच्या एका बाई तेव्हा ग्रुप सोडून गेल्या, माळटिटवीच्या घरट्यांवर त्यांचं चांगलं काम होतं. जाताना मला त्यांनी लिहिलं की घरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळीकडे हेच. एक जागा तरी चंडोलासाठी ठेवा. मला त्यांचं दुःख कळतं. दिवसभर दस्तांमधली भावाभावांची भांडणं वाचून मीही संध्याकाळी चंडोलासाठीच ग्रुप उघडते.

पण त्या आठवड्यांत जे चाललं होतं ते वाद नव्हते. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. बाहेर कुणीतरी बनवलेला माल आत आणून ओतणं चाललं होतं. त्यावर आम्ही नंतर जो नियम केला तो असा : फॉरवर्ड बंद, कुठल्याही बाजूचा. जे म्हणायचं ते स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावावर. कुणाच्या जातीवर, धर्मावर, आईबापावर गेलात तर बाहेर. आणि जो सुरू करेल त्यानं उत्तराला थांबायचं, काडी टाकून पळायचं नाही. बस. एवढ्यानं नव्वद टक्के कचरा आपोआप गेला, कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हटल्यावर लोकांना आठवतं की आपल्याला त्यातलं काही फारसं माहीत नाही.

वेगळा ग्रुप काढायची सूचना तर दर वेळी येते. ‘पक्षी’ एका ग्रुपात, ‘चर्चा’ दुसऱ्यात. एकदा काढूनही झाला. तिथं जे झालं ते कुणालाही आधी सांगता आलं असतं : भांडायची हौस असलेले दहा-बारा लोक राहिले, बाकी सगळे म्यूट. दादा तिकडे फिरकलेच नाहीत, होडीवाला पोरगा दोन दिवसांत निघून गेला. आणि भांडणं जास्त विखारी झाली, कारण तिथं माणूस नुसता त्याच्या मताएवढाच उरतो.

मूळ ग्रुपात तसं होत नाही, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. आमचे गुरुजी आणि पुण्याचे एक आयटीवाले काका यांचं राजकारणात एका गोष्टीवर एकमत नाही. निवडणूक, आरक्षण, शेतमालाचे भाव, काहीही काढा. पण काकांनी कधी धूसर फोटो टाकून ‘आयडी सांगा’ म्हटलं, तर पहिलं उत्तर गुरुजींचं असतं, आणि काका ते डोळे झाकून मानतात. गुरुजींची नजर खोटं बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग हाच माणूस जेव्हा म्हणतो की गावातली परिस्थिती तुम्ही समजता तशी नाही, तेव्हा काकांना ते ‘विकला गेलेला’ म्हणून झटकून टाकणं अवघड जातं. घरच्या ग्रुपात मामा आणि भाचा भांडतात तेव्हा दोघांनाही वाटत असतं की समोरच्याला काही कळत नाही. इथं निदान एका गोष्टीत समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे आधीच सिद्ध झालेलं असतं. असा पाया दुसऱ्या कुठल्या जागी मिळतो मला सांगा. नात्यात नाही, ऑफिसात नाही, टीव्हीवर तर नाहीच.

शिवाय भांडण मध्येच तुटतं. गुरुजी तावातावानं हमीभावावर लिहीत असतात, तेवढ्यात कुणीतरी पखुर्डी पक्ष्यांच्या जोडीचा फोटो टाकतं, पाणवठ्यावर उतरताना, छातीची पिसं पाण्यात भिजवणारा नर अगदी स्पष्ट, पिलांसाठी पाणी नेणारा. काका लिहितात, ‘वा! कुठं मिळाली?’ गुरुजी लिहितात, ‘सकाळी आठ-साडेआठलाच येतात बघा, उशीर केला तर नाही.’ आणि मग पुन्हा हमीभाव. हे वेगळ्या ग्रुपात कसं होणार?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, विणकामाची वेडी. ती ज्या ‘रॅव्हलरी’ नावाच्या विणणाऱ्यांच्या साइटवर असते तिथं २०१९ च्या जूनमध्ये निर्णय झाला की ट्रम्प आणि त्यांच्या सरकारचं समर्थन इथं करता येणार नाही. ते समर्थन म्हणजे वर्णवर्चस्ववादाचं समर्थन, असं साइटचं म्हणणं. तिला निर्णय आवडला होता. मी तिला विचारलं, त्या बाजूच्या बायका विणायचं सोडून देतील का? नाही म्हणाली, त्या दुसरीकडे जाऊन विणतील. म्हटलं, मग आता तुझ्याशी कोण बोलणार त्यांच्यापैकी? ती म्हणाली, ‘तुला इथलं माहीत नाही, रोज ज्यांना घालूनपाडून बोलतात त्यांनी ते स्वेटर विणता विणता ऐकायचं का?’ हा मुद्दा मला खोडता आला नाही. जिथं माणसाच्या असण्यावरच बोट ठेवलं जातं तिथं चर्चेचं कौतुक करणं मलाही जमणार नाही, म्हणून तर जात-धर्मावर गेलात तर बाहेर हा नियम आहे. पण अख्खी एक बाजू दाराबाहेर ठेवणं आणि शिवी दाराबाहेर ठेवणं यात मला अजूनही फरक वाटतो. आमचं दोघींचं यावर जमत नाही. दिवाळीत फोन आला की पुन्हा होतं.

ग्रुपवर सध्या पेटलेला विषय म्हणजे गायरान आणि सोलर. शेतीला दिवसा वीज देण्याच्या सरकारी योजनेत, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत, ठिकठिकाणी सरकारी आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांना दिल्या जातायत. कागदोपत्री ती जमीन पडीक. आमच्या वहीत तिच्यावर धाविक आहेत, चंडोल आहेत, पखुर्डी आहे, रात्री लांडगा आहे, दिवसा धनगराची मेंढरं आहेत. यात पुन्हा माळढोक येतोच. तो जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आपटून मरतो; म्हणून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजस्थान-गुजरातेत त्याच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये कोर्टानंच तो सरसकट आदेश मागं घेतला, समिती नेमली, कारण सौरऊर्जाही हवीच आहे. जिथं सुप्रीम कोर्टाला दोनदा विचार करावा लागला तिथं आम्ही एका वाक्यात काय ठरवणार?

या वेळी गंमत अशी झाली की सुरुवात अॅडमिनसरांनीच केली. त्यांच्या मूळ गावच्या गायरानाचा प्रश्न निघाला, त्यांनी ग्रामसभेत द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहून ग्रुपवर टाकला आणि सह्या मागितल्या. कुणीतरी आगाऊपणानं विचारलं, ‘सर, हे राजकारण नाही का?’ सरांनी लिहिलं, ‘आहे.’ मला हसू आवरेना.

दादांचा अर्जाला विरोध आहे. त्यांचा व्हॉइस मेसेज आला : ‘सर, रात्री दोन वाजता लाइट येती. त्या टायमाला मोटार चालू करायला अंधारात जायचं, पायात साप. दिवसा लाइट पायजे का नको शेतकऱ्याला? तुमचा धाविक मला बी आवडतो, पण माझं पोरगं जातंय ना रात्री.’ पुण्याचा तो मुलगा अर्जाच्या बाजूचा. गुरुजी म्हणतात गायरान नको, पण कालव्यावर आणि गोदामांच्या छतांवर पॅनल लावा. डॉक्टरीणबाईंनी मेंढपाळांना कुणी विचारलंय का असं विचारलं, त्यावर शांतता, कारण ग्रुपात एकही मेंढपाळ नाही. ते आता बघायला हवं. होडीवाल्या पोरानं विचारलं की उजनीच्या पाण्यावर तरंगते पॅनल टाकले तर रोहित कुठं जाणार? त्या प्रश्नावर अजून निदान आठवडाभर तरी चालेल.

मी अर्जावर सही करायची की नाही ते ठरवलेलं नाही. मसुदा मात्र ऑफिसात नेऊन तपासला, सवयीनं. सरांनी गायरानाचा गट नंबर जुन्या सर्व्हे नंबरावरून घातला होता, तो चुकीचा निघाला. अशा अर्जाला ग्रामसेवक पहिल्या ओळीतच बाजूला ठेवतो. बरोबर नंबर दादांनी काढून दिला, त्यांचे पाहुणे आहेत त्या गावात. अर्जाच्या विरोधात ग्रामसभेत बोलायला ते स्वतः जाणार आहेत, तेही त्यांनी त्याच मेसेजमध्ये सांगून ठेवलंय.